मधुकाकांच्या बावीस लाद्या

देणगी मागायला आलेल्या माणसाला आमचे मधुकाका राऊत आधी पाणी देत, मग गुळाचा खडा देत, आणि तो खडा तोंडात विरघळायच्या आत म्हणत, "हां. आता मला कळणार न्हाय असं कायतरी सांगा."

समोरचा माणूस गांगरून जाई. तो बिचारा चार दिवस घोकून, अवघड गोष्टी सोप्या करून, काकांना कळेल असं बोलायची तयारी करून आलेला असे. काकांचं शिक्षण सातवी. बर्फाचा कारखानदार, चौलचा नारळ-सुपारीचा वाडीवाला, पंचाहत्तरी ओलांडलेला म्हातारा. त्याच्यापुढे सोपंच बोलायला हवं, असं कोणालाही वाटणार. आणि इथेच माणसं फसत.

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. कोळ्यांवर संशोधन करायचे. म्हणजे जाळी विणणाऱ्या, आठ पायांच्या कोळ्यांवर; आमच्या चौल-रेवदंड्यात हा खुलासा आधीच केलेला बरा. त्यांनी लॅपटॉप उघडून रंगीत चित्रं दाखवली. कोळी किती किडे खातात, त्यामुळे आंब्यावरची फवारणी कशी वाचेल, बागायतदाराचा कसा फायदा होईल, सगळं झकास समजावून सांगितलं. काका शेवटपर्यंत मान डोलवत होते. मग म्हणाले, "सगळं कळलं मला. छान सांगितलंत. म्हंजे तुम्हाला पैसे द्यायला आंबेवाले हायत, सरकार हाय, औषधवाले हायत. माझी काय गरज न्हाय. गूळ घ्या अजून."

प्राध्यापक उठले, चपला घातल्या, रिक्षात जाऊन बसले. रिक्षा फाटकापर्यंत गेली आणि थांबली. ते उतरून परत आले, ओटीच्या पायरीशी उभे राहिले आणि जरा घुश्शातच म्हणाले, "खरं सांगू का? आंब्याचं मला काही देणंघेणं नाही. एक कोळी आहे. तो रोज स्वतःचं अख्खं जाळं खाऊन टाकतो आणि पुन्हा नवं विणतो. चांगलं धडधाकट जाळं! कशासाठी खातो, हे मला अकरा वर्षं नीट कळलेलं नाही."

"बसा," काका म्हणाले. "चहा टाकतो."

त्या वर्षी प्राध्यापकांना पैसे मिळाले.

काकांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या ओटीवरून जाताना अजून माझा पाय अडखळतो, कारण आतून "मास्तर, काय नुसतं चाललाय!" अशी हाक यायची सवय कानाला लागली आहे. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्त झालो आणि आठ दिवसांच्या आत काकांनी मला त्यांच्या देणग्या देणाऱ्या संस्थेत ओढलं. "तुम्हाला आता काय काम न्हाय, आणि अक्षर बरं हाय," एवढीच माझी पात्रता त्यांनी सांगितली.

काकांचा बर्फाचा कारखाना रेवदंड्याच्या खाडीवर होता. आमच्या लहानपणी त्याची घरघर गावाला इतकी सवयीची होती की ती थांबली तर माणसं घराबाहेर येऊन काय झालं म्हणून विचारायची. मिठाच्या पाण्यात बुडवलेले पत्र्याचे लांबोडे डबे, त्यांतून निघणाऱ्या पुरुषभर उंचीच्या लाद्या, आणि लाकडी फळीवरून लादी सुटली की तिच्यामागे उठणारी गार वाफ. तो देखावा बघायला आम्ही शाळा सुटल्यावर वाट वाकडी करून जायचो. तेव्हा काका नुकतेच वडिलांच्या हाताखाली गल्ल्यावर बसायला लागले होते. घरात कोणाला ताप आला की टॉवेल घेऊन कारखान्यावर पळायचं. तापाच्या बर्फाचे पैसे काका घेत नसत. मात्र ताप कोणाला, कधीपासून, हे सगळं विचारून घेत आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन कपाळाला हात लावून बघत. खोटा ताप सांगून सरबतासाठी बर्फ नेणाऱ्यांची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. माझीही एकदा झाली आहे.

इतकी वर्षं बर्फात काढल्यामुळे काका बारा महिने स्वेटर घालत. मे महिन्यात नागावच्या समुद्रावर पर्यटक अर्ध्या चड्डीत घाम पुसत असत आणि आमचे काका बदामी स्वेटरात. "थंडी हाडात मुक्कामाला आली हाय, तिला कुठं घालवू?" असं म्हणत. बर्फ घातलेलं काहीही पीत नसत. लग्नाच्या पंगतीत कोणी थंडगार मठ्ठा पुढे केला की हात जोडत, "धंद्याचा माल हाय तो. पोटात घालायचा न्हाय."

सुमनकाकी फार पूर्वी गेल्या. मूलबाळ नव्हतं. खाडीकाठच्या जमिनीला भाव आल्यावर काकांनी कारखाना विकला आणि आलेला पैसा एका संस्थेच्या नावे ठेवला. विकताना एकच अट घातली: कारखान्याच्या फाटकापाशी आपली खुर्ची राहील. नवा मालक भला माणूस. त्याने खुर्चीवर छोटं छप्परही टाकून दिलं. काका तिथे रोज सकाळी जाऊन बसत आणि कोणाच्या बोटीत किती लाद्या चढल्या ते बघत. कशासाठी बघता, असं विचारलं तर म्हणत, "नुसतं."

हा "नुसतं" काकांचा लाडका शब्द. दरवर्षी ठेवीचं व्याज आलं की संस्थेपुढे अर्ज यायचे. काका त्यांचे दोन ढीग करत. एक "उपयोगाचं": शाळेची बाकं, दवाखान्याच्या खाटा, विहिरीचा गाळ. हा ढीग ते आमच्याकडे ढकलत आणि आम्ही ठरवू तिथे डोळे मिटून सही करत. दुसरा ढीग "नुसतं". म्हणजे ज्यांना काहीतरी फक्त जाणून घ्यायचं आहे, बाकी काही नाही, असे लोक. हा ढीग काका स्वतः बघत. पैसे देताना कागदावर एकच अट घालत: वर्षाच्या शेवटी पत्र पाठवायचं आणि त्यात काय कळलं नाही ते लिहायचं. एका बाईंनी खेकड्यांच्या बिळांविषयी चार पानं भरून कळलं नाही ते लिहिलं, तर काकांनी ते पत्र येईल-जाईल त्याला वाचून दाखवलं. "एका वर्षात चार पानं! काय बाई हाय!"

माझं आणि त्यांचं यावरून नेहमी वाजे. माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत "विज्ञान मानवाच्या सेवेसाठी" असं रंगवून घेतलं होतं. काका स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून आले, वर्ग बघताना ते वाचलं आणि भाषणाला उभे राहिल्यावर पहिलंच वाक्य बोलले, "पोरांनो, विज्ञान कोनाचा नोकर न्हाय." मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना पढवून आणलं होतं.

आता खरा प्रश्न. दोन ढीग झाले. पण कुठल्या ढिगाला किती द्यायचं? हे ठरवायची काकांची पद्धत महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

संस्थेत आमच्याबरोबर ताराबाई होत्या. कोळीवाड्यातल्या, एका बोटीच्या मालकीण, आणि बाजारात त्यांच्यापुढे घासाघीस करायची छाती असलेलं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की त्यांची बोट पहिल्या फेरीला निघायची. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या ओटीवर आमची बैठक बसायची आणि काका विचारायचे, "तारा, यंदा बर्फ किती टाकलास?" ताराबाई लाद्यांचा आकडा सांगायच्या. जितक्या लाद्या, तितके शंभरातले रुपये "नुसतं"ला. उरलेले उपयोगाच्या ढिगाला. संपली बैठक.

पहिल्या वर्षी मी कपाळाला हात लावला. "काका, बर्फाचा आणि याचा संबंध काय?"

"मास्तर, बोट निघते तेव्हा तिच्या पोटात एक तरी मासा असतो का? न्हाय. मग बर्फ कोनासाठी टाकतात? न गावलेल्या माशासाठी. मासा गावल्यावर बर्फ आणायला परत येता येत न्हाय. आणि न्हाय गावला तरी बर्फ वितळतोच. त्याचं कोन रडगाणं गातं का? नुसतंचं तसंच हाय."

हे मला पटलं होतं, पण मी गणिताचाही मास्तर. म्हटलं, "ठीक. पण किती टाकायचा हे कसं ठरतं?"

काकांनी ताराबाईंकडे बोट दाखवलं. ताराबाई म्हणाल्या, "कमी टाकला तं म्हावरा कुजतो. जास्ती टाकला तं मानसांना बसाया जागा न्हाय ऱ्हात. मंग बावीस."

"बावीसच का? वीस का नाही? पंचवीस का नाही?"

"माजा सासरा बावीस टाकायचा."

हे शास्त्र काकांना पूर्ण मान्य होतं. म्हणून आमच्या संस्थेत जवळजवळ दरवर्षी शंभरातले बावीस रुपये कोळ्यांच्या जाळ्यांना आणि खेकड्यांच्या बिळांना जात.

एकदा मुंबईत मोठमोठ्या देणगीदारांचा मेळावा होता, त्याचं निमंत्रण काकांना आलं. आम्ही दोघे मांडव्याहून लाँचने गेलो. हॉटेलातल्या त्या हॉलमध्ये एवढा गारठा होता की कोट घातलेले लोकही हात चोळत होते. सुखात होते ते फक्त आमचे काका, स्वेटरात. मूलभूत विज्ञानावर किती खर्च करावा, या विषयावर सकाळभर भाषणं झाली. पडद्यावर आलेख चढले, उतरले. काकांनी सगळं मन लावून ऐकलं आणि जेवणाच्या वेळी एका बड्या संस्थेच्या साहेबांना गाठलं. "साहेब, ते चित्रातलं राहू द्या. तुम्ही आकडा कसा ठरवता?"

साहेबांनी बरंच काही सांगितलं. काका म्हणाले, "हे कळलं. पन आकडा?" साहेबांनी पुन्हा सांगितलं. काका म्हणाले, "व्हय, पन आकडा?" तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, काकांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मागच्या वर्षी जेवढं दिलं, त्यात थोडं वाढवतो."

परतताना लाँचमध्ये काका वेड्यासारखे हसत होते. "मास्तर, त्यांचा पन सासराच हाय! फक्त इंग्रजी बोलतो."

ताराबाईंनी मात्र या पद्धतीतली मेख लवकरच ओळखली. एके वर्षी मासळीबाजारात बायकांसाठी संडास हवे होते. त्या वर्षी बैठकीत त्या डोळे मिचकावत म्हणाल्या, "यंदा पंदराच लाद्या, मदूशेट." काकांनी चष्मा वर केला. "तारा, मी फाटकावर बसलेलो हाय. बावीस चढल्या." ताराबाई खळखळून हसल्या आणि मी वहीत बावीस लिहिले. संडास पुढच्या वर्षी झाले, आणि त्यांवर नारळ फोडायला काकाच गेले होते.

मग पराग आला. हा काकांचा पुतण्या, नवी मुंबईत एका कंपनीच्या दानधर्म खात्यात नोकरीला. काकांचं वय बघून घरच्यांनी त्याला संस्थेत घ्यायला लावलं. पोरगा वाईट नव्हता. काकांसाठी आठवणीने गोळ्या आणायचा, त्यांच्या मोबाईलमध्ये काय काय घालून द्यायचा. पण लाद्यांची पद्धत ऐकली त्या दिवशी त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला.

"काका, बेसिकली हे क्यूट आहे," तो म्हणाला. "बट ऑडिटरला काय सांगणार? आपल्याला एक फ्रेमवर्क लागेल. प्रत्येक अर्जाला मार्क द्यायचे. किती लोकांना फायदा, किती दिवसांत. पन्नासच्या खाली आला की बाद."

"बाद म्हंजे?"

"म्हणजे नाही द्यायचे पैसे. सिंपल."

"सुमनकाकीला किती मार्क पडले असते रे?" काकांनी विचारलं. परागला वाटलं म्हातारा विषय बदलतोय. मलाही तसंच वाटलं.

त्या वर्षीची बैठक मला अजून जशीच्या तशी दिसते. उपयोगाच्या ढिगात एकच अर्ज होता, पण तो सगळ्यांवर भारी होता. गावाला रुग्णवाहिका हवी होती. अलिबागचा दवाखाना तसा लांब नाही, पण शनिवार-रविवारी नागावच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि मग ते अंतर संपता संपत नाही. महिन्यापूर्वीच ताराबाईंची सून त्या रांगेत अडकून रिक्षातच बाळंत झाली होती. सून आणि नात दोघी सुखरूप होत्या, पण ताराबाईंचा राग अजून उतरला नव्हता. नव्या रुग्णवाहिकेला वर्षाचे सगळेच्या सगळे पैसे लागणार होते. शंभरातले शंभर.

आणि "नुसतं"च्या ढिगातही एकच अर्ज होता. तो निकिताचा. निकिता कोळीवाड्यातलीच, माझी विद्यार्थिनी, समुद्रातल्या जीवांवर पुढचं शिक्षण घेत होती. काकांनी गूळ देऊन तिला नेहमीचं वाक्य ऐकवलं तेव्हा ती अजिबात गांगरली नाही.

"काका, खाडीच्या तोंडाशी ढोमी मासे आवाज करतात ना, ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"तर! माझ्या वडलांच्या वेळची माणसं वल्हं पाण्यात घालून दुसरं टोक कानाला लावायची. बेडकांची शाळा भरल्यासारखं ऐकू यायचं."

"ते आवाज का करतात, त्याचा थोडाफार अंदाज आहे लोकांना. पण भरतीच्या एका वेळी सगळे एकदम गप्प होतात. हजारो मासे, एका क्षणात. का गप्प होतात, ते कोणालाच ठाऊक नाही. मला पाण्याखाली ऐकायचं यंत्र घ्यायचंय आणि वर्षभर ऐकायचंय. बस."

"एकदम गप्प," काका म्हणाले. गुळाची वाटी त्यांनी निकितापुढे सरकवली आणि सरकवतच राहिले, ती ओटीच्या कडेला जाईपर्यंत.

निकिता गेल्यावर पराग म्हणाला, "काका, अँब्युलन्सला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. माशांना चार. मी चार पण तिला बघून दिलेत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. आपली बाजू कोणीतरी घ्यावी, एवढंच त्या पाहण्यात होतं. मी काय बोललो ते लिहिताना मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "काका, मासे गप्प होतात त्याला आपण काय करायचं? इथे माणसं रस्त्यात अडकतायत."

नेहमीप्रमाणे काकांनी ताराबाईंकडे वळून विचारलं, "तारा, यंदा बर्फ किती टाकलास?"

ताराबाईंनी लुगड्याचा काठ चिमटीत धरला. मान वर केली नाही. "यंदा बर्फ न्हाय टाकला, मदूशेट."

बर्फाशिवाय बोट पाच दिवसांच्या फेरीला जात नाही, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आदल्या सकाळी ताराबाईंच्या बोटीत लाद्या चढत होत्या तेव्हा काका आपल्या खुर्चीवर बसलेले होते आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आम्ही तिघांनी एकमेकांना नमस्कारही केला होता. मला वाटलं, आता काका चष्मा वर करणार.

"बरं," काका म्हणाले. "मास्तर, शून्य लिहा." आणि मी लिहिलेल्या शून्याखाली त्यांनी सही केली. परागने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून "ग्रेट डिसिजन, काका" म्हटलं. नवा नियमही त्याच वेळी ठरला. पुढच्या वर्षापासून लाद्या बंद, मार्क चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताराबाई माझ्या दारात. टोपली नाही, गडबड नाही. "सर, चला माज्यासंगं मदूशेटकडं. सकालपासून चाय घशाखाली उतरत न्हाय माजे. आनी ती वही घ्या."

काका मागच्या पडवीत अळूची पानं पुसत बसले होते. वड्या ते स्वतःच करत आणि चांगल्या करत. ताराबाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि भांडल्यासारख्या बोलायला लागल्या. "मदूशेट, मी काल खोटी बोलली. तुमाला ठाव व्हतां. तुमच्या डोल्यांसमोर बावीस लाद्या चढल्या. मंग तोंडावर का न्हाय बोललाव मना?"

"गाडी हवीच हाय, तारा," काका शांतपणे म्हणाले. "तुझ्या सुनेचं ऐकलं तेव्हाच ठरवलं होतं मी. गाडी नको असं मी कुठल्या तोंडानं बोलू?"

एक पान त्यांनी नीट पुसून परातीत ठेवलं.

"सुमनला मी टेम्पोतनं नेलेली. कारखान्याचाच टेम्पो. मागं गोणपाटं टाकली, त्यावर तिला घेतली, डोकं माझ्या मांडीवर. दुसरं वाहन होतं कुठं तेव्हा? नागावच्या पुढं आलो. धाप लागलेली तिला, आणि ही बाई मला विचारते, 'अहो, नारळातनं वारा जातो तेव्हा पाऊस आल्यासारखं वाटतं, आणि सुरूच्या झाडांतनं जातो तेव्हा दर्या जवळ आल्यासारखं. वारा तर एकच. मग असं का हो?'"

ताराबाईंच्या हातातला लुगड्याचा काठ सुटला.

"जन्मभर तिचं हेच. मुंग्या एकमेकींना थांबून काय सांगतात, जास्वंद मिटली की परत का उघडत न्हाय. आणि मी जन्मभर बोलायचो, तुला काय करायचंय? उपयोग काय त्याचा? त्या दिवशी पन तेच. म्हटलं, गप्प बस गं जरा. तिला त्रास होऊ नये म्हणून बोललो मी, मास्तर. दुसरं काय न्हाय. आणि ती गप्प बसली. अलिबाग येईपर्यंत एक शब्द न्हाय. अलिबाग आल्यावर पन न्हाय."

वाडीत कोणीतरी मोटर सुरू केली होती, तिचा आवाज येत होता.

"गाडी असती तर वाचली असती कदाचित. म्हणून तर काल सही केली. पन खरं सांगू, तारा? गाडी न्हवती याचं मला रडू येत न्हाय. मी तिला गप्प केली, त्याचं येतं." आणि एवढा मोठा माणूस, स्वेटरच्या बाहीने डोळे पुसू लागला.

मला माझं कालचं वाक्य आठवलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लहानपणापासूनच्या ओळखीत मी त्यांना काकींविषयी एकदाही काही विचारलं नव्हतं.

ताराबाईंनी नाक शिंकरलं. "सर, वही काडा. बावीस लिवा."

"आणि रुग्णवाहिका?"

"जुनी घेऊ. माजा भाचा पनवेलला गाड्यांचाच काम करतो, तो बघल. चाकां आनी भोंगा असला म्हंजे झाला. आनी त्या परागला मी बघतंय. त्याला सांगतंय, माज्या बोटीवर यक फेरी मार बर्फाशिवाय, मंग मार्क दे."

मी शून्यावर काट मारली आणि बावीस लिहिले. ताराबाईंनी अंगठ्याने ती ओळ चाचपून बघितली, शाई वाळली का म्हणून. मग एकदम काकांना म्हणाल्या, "पन मदूशेट, त्या वाऱ्याचा काय झाला? इतकी शिकलेली मानसां येतान तुमच्याकडं. कोनाला इचारलाव का न्हाय?"

"न्हाय विचारलं," काका म्हणाले.

"का?"

काकांनी अळूचं एक पान उचललं. त्याच्या शिरांवरून बोट फिरवत राहिले. "विचारायला काय, दोन मिंटांत सांगेल कोनीपन. पन मग ते संपलं, तारा. तिचं माझ्यापाशी तेवढंच हाय."

ताराबाईंना हे सगळं कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुमाला तं ठाव आसल. तुमी ह्योच शिकवत व्हताव ना?"

मला ठाऊक होतं. सुरूची बारीक काडी आणि नारळाची रुंद पात, त्यांच्याभोवती फिरणारा वारा, ध्वनीचा अख्खा धडा. दरवर्षी मी तो फळ्यावर चित्रं काढून शिकवला होता. प्रश्न कानावर पडला की उत्तर द्यायचं, या सवयीने माझं तोंड उघडलंसुद्धा. काका माझ्याकडे बघत होते, पान हातात तसंच धरून.

"नाही बुवा, ताराबाई," मी म्हणालो. "मला नाही ठाऊक."

काकांनी ते पान परातीत ठेवलं आणि दुसरं पुसायला घेतलं.